‘अजून नाही’ म्हणणारे केंद्र : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दहा महिने

लेकीच्या डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे आणि नंतर दहा महिने आम्ही ज्या क्रीडा-फिजिओथेरपी केंद्रात जात होतो, त्या पुण्यातल्या कर्वे रस्त्यापासून थोड्या आतल्या बाजूला असलेल्या केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांतले काही जण आता तिथे नाहीत. शिवाय अशा केंद्राची निवड करताना काय पाहायचे हे मला सुरुवातीला कोणी सांगितले असते, तर कोणत्याही नावापेक्षा त्याचा उपयोग मला अधिक झाला असता.

लेक एकोणीस वर्षांची आहे आणि पाचवीपासून खो-खो खेळते. नोव्हेंबरमध्ये आंतरमहाविद्यालयीन सामन्यात खांबाला वळसा घालताना तिचा डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग वळले. कोणाचा धक्का लागला नव्हता. ‘टक्’ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला आणि तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत असल्याचे सांगितले आणि क्रेप बँडेज बांधून दोन आठवड्यांची विश्रांती दिली. घरी सासूबाईंचा आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप सुरू झाला. सूज उतरली, लेक चालू लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात जिना उतरताना तिचा गुडघा अचानक निसटला. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी जोडणारा बंध, एक्स-रेमध्ये दिसत नाही, ही साधी गोष्ट त्या तीन आठवड्यांत आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आवाज, काही तासांत आलेली भरघोस सूज आणि कोणाचाही स्पर्श नसताना वळताना झालेली इजा, ही तीन लक्षणे एकत्र आली की पुढच्या क्रुसिएट लिगामेंटचा, म्हणजे एसीएलचा, संशय घ्यायचा असतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा किंचित वाकवून नडगीचे हाड हाताने पुढे ओढून पाहिले. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील जॉन लॅकमन यांच्या नावाने १९७६पासून ओळखली जाणारी ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. निरोगी गुडघ्यात हाड पुढे येता येता दोरी ताणल्यासारखे एका ठिकाणी थांबते. लेकीचे थांबले नाही. नंतरच्या एमआरआयने एसीएल पूर्ण तुटल्याचे आणि बाहेरच्या बाजूच्या मेनिस्कसला, आपण जिला गुडघ्याची गादी म्हणतो तिला, लहानशी चीर गेल्याचे दाखवले. मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा एसीएल हा बंध नडगीला पुढे घसरू देत नाही आणि वळताना गुडघ्याला आवर घालतो. सरळ चालणाऱ्या माणसाला त्याची उणीव वर्षानुवर्षे जाणवणार नाही. खांबाला वळसा घालणाऱ्या मुलीला ती पहिल्याच वळणावर जाणवते.

एसीएल तुटले म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही, हे त्याच डॉक्टरांनी सांगितले, आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तेव्हाच. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या गटाला आधी केवळ व्यायाम देऊन गरज भासली तरच शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा ठेवला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी २३ जणांनी तोपर्यंत शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि पाच वर्षांपर्यंत ती संख्या ३० झाली. थांबून पाहणे हा वेडेपणा नाही, पण थांबणाऱ्यांपैकी निम्म्यांना शेवटी त्याच वाटेने जावे लागले, असे या आकड्यांतून मला समजले. लेकीचा खेळ वळणाचा, गुडघा रोजच्या जिन्यावरही निसटणारा, आणि गादीची चीर शिवण्याजोगी. म्हणून आम्ही शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले. डॉक्टरांनी जानेवारीची तारीख दिली आणि तोवर व्यायामासाठी या केंद्रात पाठवले.

शस्त्रक्रियेच्या आधी फिजिओथेरपी कशासाठी, हा माझा पहिला प्रश्न होता. मी बँकेत नोकरी करते; पैसे कशासाठी जात आहेत हे विचारण्याची सवय अंगवळणी पडली आहे. फिजिओ मॅडमनी शांतपणे सांगितले, “काकू, सुजलेला आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा टेबलावर नेला, तर नंतरही तो सरळ होताना त्रास देतो.” घाईने केलेल्या शस्त्रक्रियांनंतर सांध्यात चिवट ऊती वाढून गुडघा आखडल्याची उदाहरणे अमेरिकेतील डोनाल्ड शेलबोर्न यांनी १९९१च्या सुमारास मांडली होती, आणि तेव्हापासून आधी सूज उतरवावी, गुडघा पूर्ण ताठ करता येऊ द्यावा आणि मगच हात लावावा, ही पद्धत रुळली. गुडघा अडकून बसला असेल तर गोष्ट निराळी. एकूण, ते पाच आठवडे वाया गेले नाहीत.

त्या पाच आठवड्यांत या केंद्राने जे एक काम केले, त्याचे मोल मला सहा महिन्यांनी कळले. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी लेकीच्या उजव्या, म्हणजे चांगल्या पायाची ताकद मोजून ठेवली. खुर्चीला पट्ट्याने बांधलेल्या, मुठीत मावणाऱ्या एका मापकाविरुद्ध तिला पाय पुढे ढकलायला लावला आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ४२ किलो अशी वहीत लिहिली. चांगल्या पायाचे काय मोजता, असे मी विचारले नाही, पण मनात आले होते.

शस्त्रक्रियेनंतर केंद्रे रुग्णाला जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा तुलनेचा असतो: दुखावलेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किती टक्के. नव्वद टक्के झाली की पालक पेढे वाटायच्या बेतात असतात. पण सहा महिने खेळ बंद असलेल्या मुलीचा चांगला पायही तेवढा चांगला राहत नाही. जुलैमध्ये लेकीचा डावा पाय ३३ किलोंवर आला आणि त्या दिवशी उजवा भरला ३७. भागाकार केला तर ८९ टक्के, म्हणजे जवळजवळ उत्तीर्ण. मॅडमनी वहीतला जुना ४२चा आकडा दाखवला आणि त्याने भाग दिला, तेव्हा उत्तर आले ७९. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच दिसले होते. सहा महिन्यांनी ७० खेळाडूंपैकी ४० जण त्या दिवशीच्या चांगल्या पायाशी तुलना करता नव्वद टक्क्यांची अट पूर्ण करत होते, पण शस्त्रक्रियेपूर्वी मोजलेल्या चांगल्या पायाशी तुलना केली तर केवळ २० जण. केंद्र निवडताना एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी हा विचारीन: शस्त्रक्रियेच्या आधी तुम्ही चांगला पाय मोजता का?

शस्त्रक्रियेत लेकीच्याच मांडीच्या मागच्या बाजूच्या हॅमस्ट्रिंगचे कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, घेऊन नवा बंध तयार केला गेला आणि गादीची चीर शिवली गेली. ब्रेस, कुबड्या, पायाखाली उशी, बर्फाची पिशवी हे सर्व ओघाने आले. पहिल्या पंधरा दिवसांत केंद्राचा सगळा भर दोनच गोष्टींवर होता: गुडघा पूर्ण ताठ होणे, आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणे. सांध्यात सूज असली की हा स्नायू जणू संप पुकारतो; माणूस मनापासून जोर लावतो आणि मांडी हलत नाही. ती थंड पडलेली मांडी पाहून लेक पहिल्यांदा रडली. त्यासाठी स्नायूला विजेचे हलके झटके देणारे यंत्र त्यांनी वापरले, आणि या टप्प्यावर त्या यंत्राचा उपयोग होतो यास चांगला आधार आहे. मात्र स्वागतकक्षातून जे इतर पर्याय सुचवले जात, रंगीत टेप, लेझर, कपिंग, प्रत्येकाला वेगळे शुल्क, त्यांना मी नम्रपणे नकार देत राहिले. मॅडमनी स्वतः त्यांतले एकही कधी सुचवले नाही, यावरून मी काय समजायचे ते समजले.

नव्या बंधाविषयीची एक गोष्ट प्रत्येक पालकाने समजून घ्यावी अशी आहे, कारण पुढची सारी घालमेल तिच्यातूनच निर्माण होते. प्रत्यारोपित कंडरा गुडघ्यात बसवला म्हणजे तो दुसऱ्या दिवसापासून लिगामेंट होत नाही. त्याच्यातल्या मूळ पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि अनेक महिन्यांच्या फेरबांधणीनंतर त्याला लिगामेंटसारखे रूप येते. १९८६ साली या प्रक्रियेला लिगामेंटायझेशन असे नाव दिले गेले. या मधल्या काळात, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, बंध बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. आणि नेमक्या त्याच सुमाराला टाके भरलेले असतात, दुखणे थांबलेले असते, चाल सुधारलेली असते, आणि मुलीला आपण बऱ्या झालो असे वाटू लागते. बंध सर्वांत नाजूक असतानाच उत्साह सर्वांत जास्त असतो. अशा वेळी थांब म्हणणारे कोणी तरी हवे असते, आणि त्यासाठीच पैसे मोजायचे असतात असे माझे मत झाले आहे.

माझी मुख्य तक्रारही याच काळातली आहे. एप्रिलमध्ये मॅडम महिनाभराच्या रजेवर गेल्या आणि लेकीला एका नव्या, शिकाऊ फिजिओकडे सोपवण्यात आले. त्यांच्या हातात आठवड्यांप्रमाणे छापलेला तक्ता होता. बारा आठवडे पूर्ण झाले होते, तक्त्यात बाराव्या आठवड्यासमोर धावणे असे लिहिले होते, आणि त्यांनी तिला ट्रेडमिलवर धावायला लावले. त्या दिवशी गुडघ्यात थोडी सूज होती; ती मला घरी दिसत होती, त्यांना तिथे दिसायला हवी होती. तीन दिवसांनी गुडघा पुन्हा भरला आणि पुढचे अडीच आठवडे केवळ सूज उतरवण्यात गेले. हा एका शिकाऊ मुलाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. २०१८ साली २०१ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा धावण्याची परवानगी देण्याची मुदत सर्वसाधारणपणे बारा आठवडेच आढळली होती, आणि मुदतीखेरीज ताकद, सूज, हालचाल अशी काही अट नमूद करणारे अभ्यास एक-पंचमांशापेक्षाही कमी होते. म्हणजे तक्त्याची सवय या क्षेत्रातच मुरलेली आहे. पण ज्या केंद्राची ओळखच मोजून पाहणारे केंद्र अशी आहे, तिथे मुख्य व्यक्ती रजेवर गेल्याबरोबर वही कपाटात आणि तक्ता हातात यावा, हे खटकते. मी लेखी तक्रार केली. उत्तर तोंडी आले, तेही दिलगिरीचे नव्हे, “असे होऊ शकते” या धर्तीचे. रजेवरून परतल्यावर मॅडमनी वही उघडून त्या तीन आठवड्यांच्या पानावर लाल शाईने सूज असे लिहिले आणि धावण्याआधी सलग दोन आठवडे गुडघा कोरडा राहिला पाहिजे अशी अट घातली. मला तेवढे पुरेसे वाटले, केंद्राच्या व्यवस्थापनाबद्दल मात्र वाटले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी या केंद्राला इतरांपेक्षा वरचे स्थान देईन, तिच्याकडे येते. परदेशी संशोधनावर आधारलेले व्यायामाचे आराखडे फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल किंवा स्कीइंग करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेले असतात. त्यांत सायकल असते, लेग प्रेस असतो, एका पायावरच्या उड्या असतात. त्यांत उकिडवे बसणे नसते, मांडी घालणे नसते, आणि खो-खो तर नसतोच. मांडी कधी घालता येईल, हा घरातल्या सर्वांचा पहिला प्रश्न होता, आणि रुग्णालयातून मिळालेल्या कागदात त्याला उत्तर नव्हते. मेनिस्कस शिवलेला असल्यामुळे भार घेऊन गुडघा खोल वाकवणे चार महिने पूर्ण बंद होते, कारण गुडघा नव्वद अंशांपलीकडे दाबला की गादीच्या मागच्या भागावर ताण येतो. त्यामुळे जेवणाच्या पंगतीत लेक खुर्चीवर आणि आजी जमिनीवर, असा उलटा देखावा काही महिने पाहावा लागला.

खो-खोतला पाठलाग करणारा खेळाडू पाटीवर उकिडवा बसलेला असतो. पाठीवर थाप आणि ‘खो’ असा शब्द येताच त्याला पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातून एका झटक्यात उठून ठरलेल्या दिशेने धावायचे असते, आणि एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. म्हणजे गुडघ्याला आधी खोल दाब, मग स्फोट आणि लगेच वळण. खेळात परतण्यासाठी जगभर ज्या उड्यांच्या चाचण्या घेतल्या जातात, त्या उभ्या माणसापासून सुरू होतात. ज्या शहरात १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधायला घेतले गेले, त्या शहरातल्या दवाखान्यांत खो-खोच्या गुडघ्यासाठी वेगळी चाचणी नसावी, याचे मॅडमनाही वाईट वाटले असावे. त्यांनी लेकीच्या फोनवरचे जुने सामने पाहिले आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी, स्वतःच्या सुट्टीत, त्या आमच्या मैदानावर येऊन दोन तास बसल्या. कोण किती वेळा बसते, उठताना कोणता पाय पुढे येतो, खांबाजवळ शेवटचे पाऊल केवढे पडते, हे त्यांनी टिपून घेतले. त्यानंतर केंद्रातल्या रबरी जमिनीवर चुन्याऐवजी पांढऱ्या चिकटपट्टीने पाट्या आखल्या गेल्या. आधी उंच स्टुलावरून उठणे, मग बुटक्या स्टुलावरून, मग विटेएवढ्या ठोकळ्यावरून, आणि शेवटी उकिडव्यातून. आधी मनाने मोजून, मग टाळी ऐकून, मग पाठीवर थाप बसताच. खांबासाठी त्यांनी छतापासून जमिनीपर्यंतचा एक लोखंडी पाइप वापरला, ज्याला फोम गुंडाळलेला होता. हे कोणत्याही छापील आराखड्यात नव्हते. ज्यांना हा खेळ ठाऊक नव्हता अशा एका तरुण बाईने तो पाहून, मोडून, पायऱ्यांत मांडला. फिजिओथेरपी हा हस्तकौशल्याचा विषय आहे असे मी समजत होते. तो निरीक्षणाचाही आहे हे मला त्या रविवारी दिसले.

ऑक्टोबरात नऊ महिने झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस विद्यापीठाच्या संघाची निवड होती. लेकीच्या प्रशिक्षकांनी फोन करून विचारले, लेकीने रोज विचारले, आणि मी विचारले नाही असे म्हणता येणार नाही. चाचण्या झाल्या. डाव्या पायाची ताकद ३७ किलो, म्हणजे मूळ आकड्याच्या ८८ टक्के. एका पायावरची लांब उडी डावीकडे १०४ सेंटिमीटर, उजवीकडे १२१. म्हणजे ८६ टक्के. मॅडमनी कागद आमच्यासमोर ठेवला आणि “अजून नाही” एवढेच म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येऊन मी त्यामागचा आधार शोधून वाचला, कारण दोन-चार टक्क्यांसाठी एका मुलीचे वर्ष जाते आहे असे मला वाटत होते. नॉर्वे आणि अमेरिकेतील गटाचा २०१६चा अभ्यास असे सांगतो, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके लांबवले त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. आणि चाचण्यांत अनुत्तीर्ण होऊनही वळणाच्या खेळांत परतलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा इजा झाली, तर उत्तीर्ण झालेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना. मूळ गट १०६ जणांचाच होता, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण त्याच वर्षी कतारमध्ये १५८ व्यावसायिक खेळाडूंवर झालेल्या अभ्यासातही, सर्व निकष पूर्ण न करता परतलेल्यांचा बंध पुन्हा तुटण्याचा धोका सुमारे चौपट आढळला. पंचवीस वर्षांखालच्या आणि खेळात परतलेल्या रुग्णांत दुसऱ्यांदा एसीएल तुटण्याचे प्रमाण २३ टक्के होते, असे आणखी एका मोठ्या आढाव्यात आहे, आणि त्यात चांगला पायही धरलेला आहे. हे वाचल्यानंतर मी प्रशिक्षकांना स्वतः फोन केला. निवड हुकली. दोन दिवस लेक माझ्याशी बोलली नाही; मॅडमशी मात्र बोलत होती.

नोव्हेंबरच्या मध्याला चाचण्या पुन्हा झाल्या: ताकद ३९ किलो, ९३ टक्के, उडी ११६ आणि १२३, म्हणजे ९४ टक्के. यानंतरही मॅडमनी एक प्रश्नावली पुढे केली. खेळात परतण्याची मानसिक तयारी मोजणारी ही बारा प्रश्नांची प्रश्नावली ऑस्ट्रेलियातील केट वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. केंद्रातला कागद इंग्रजीत होता, म्हणून मॅडम एकेक प्रश्न मराठीत विचारत गेल्या. खेळताना गुडघा निसटेल अशी भीती वाटते का, या अर्थाच्या प्रश्नावर लेक बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “डाव्या खांबाला नाही, उजव्या खांबाला वाटते.” इजा उजव्या खांबाजवळ झाली होती. पुढची चार सत्रे केवळ त्या एका बाजूच्या वळणावर खर्च झाली. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या ना कोणत्या खेळात परतणाऱ्यांचे प्रमाण ८१ टक्के, पण पूर्वीच्या पातळीवर पोहोचणाऱ्यांचे ६५ टक्के असल्याचे २०१४च्या एका आढाव्यात नमूद आहे. मधली ती दरी केवळ स्नायूंची नाही, हे उजव्या खांबापाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे पाहून मला पटले.

आता व्यवहाराच्या गोष्टी. एका सत्राचे १,००० रुपये. २४ सत्रांचा संच घेतला तर २०,४०० रुपये. आमचे तीन संच झाले, म्हणजे ६१,२०० रुपये, शस्त्रक्रियेच्या खर्चाखेरीज. आमच्या आरोग्य विम्यातून यातले फार थोडे परत मिळाले. संचाची मुदत चार महिन्यांची असते, आणि लेक व्हायरल तापाने आजारी असताना उरलेली चार सत्रे मुदतीत बुडाली. रुग्णाच्या आजारपणात मुदत न वाढवणारे आरोग्यकेंद्र ही कल्पना मला अजून पचलेली नाही. संच घेण्यापूर्वी हा नियम लेखी मागावा. सत्र तासाभराचे असते असे सांगितले जाते, पण संध्याकाळी साडेसहानंतर एका फिजिओकडे एकाच वेळी तीन रुग्ण असतात आणि वाट्याला वीस-पंचवीस मिनिटे येतात. दुपारी तीन ते पाच या वेळेत केंद्र जवळजवळ रिकामे असते; ज्यांना जमेल त्यांनी तीच वेळ घ्यावी.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण आम्ही गेलो त्यांतल्या निदान तिसऱ्या हिश्श्याच्या वेळी ती बंद होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी कुबड्यांवर बावीस पायऱ्या चढून गुडघ्याच्या केंद्रात जाणे, यावर टिप्पणी करण्याची गरज नाही. मेट्रोने येणाऱ्यांना नळ स्टॉपपासून चालत यावे लागते. कुबड्या असेपर्यंत रिक्षाच बरी. गाडी लावायला जागा नाही.

शिकाऊ कर्मचाऱ्यांच्या भरवशावर सोडले जाणार नाही याची खात्री आधी करून घेतली, रजेच्या काळात वही कोणाकडे राहील हे विचारून ठेवले आणि स्वागतकक्षात सुचवलेल्या जादा उपचारांना नाही म्हणण्याची तयारी ठेवली, तर वळणाचा खेळ खेळणाऱ्या मुलामुलींसाठी मी हे केंद्र सुचवीन. ज्यांना केवळ जिना चढता यावा आणि बाजारात जाता यावे एवढीच अपेक्षा आहे, त्यांना घराजवळचा कोणताही मन लावून काम करणारा फिजिओ पुरेल. एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

लेक डिसेंबरपासून सरावाला जाते आहे. सामन्यात अजून पूर्ण वेळ उतरवत नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा ती केंद्रात जाऊन मापकावर पाय ढकलून येते आणि आकडा मला फोनवर कळवते. परवाचा आकडा ४१ होता.